ओढ्याकाठचा कॅमेरा

“कुठंय ते कार्ड?” सुनीलनं चपला न काढताच विचारलं.

यास्मिननं लॅपटॉपवरून मान वर केली. ओतूरमधल्या त्या दोन खोल्यांत बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं ऑफिस होतं आणि ते तीच सांभाळायची. गेले चार दिवस दारात येणारा प्रत्येक माणूस भांडायलाच येत होता.

सुनीलच्या मागून त्याची आई, कुशाबाई, आत आली. “बायांचं काम हाय, तू नको येऊ,” असं तिनं घरी तीनदा सांगून पाहिलं होतं. त्यानं ऐकलं नव्हतं. शेवटी ती पिंपरी पेंढारपासून त्याच्याच गाडीवर मागं बसून आली होती.

“आमच्या वड्याकाठचा कॅमेरा,” सुनील म्हणाला. “बिबट्यासाठी लावलाय का बायांसाठी?”

कॅमेरे खरं तर गावानंच मागितले होते. दोन वासरं गेली तेव्हा संस्थेनं ओढ्याकाठी, उसाच्या कडेनं, झाडांना ते बांधले. वस्तीवरच्या संडासांना पाणी नाही, बाया पहाटे तिकडंच जातात, हे कुणी विचारलंच नाही. मग कॅमेऱ्यांतली मेमरी कार्डं गोळा करणाऱ्या संस्थेच्या माणसानं वस्तीवरच्या बयाबाईचा तसला एक फोटो गंमत म्हणून दोस्ताला पाठवला. दिवस मावळेपर्यंत तो गावाच्या ग्रुपवर होता. साठीची बाई, चार दिवस उंबऱ्याबाहेर आली नव्हती.

कुशाबाईचं डोकं तेव्हापासून पेटलं होतं. त्या फोटोतली वाकडी बाभूळ तिनं ओळखली, आणि आपणही त्या कॅमेऱ्यात असणार हे तिला त्याच क्षणी कळलं.

“मावशी, त्या माणसाला मी काढून टाकलंय,” यास्मिन म्हणाली. “पोलिसांत तक्रारही दिलीय.”

“त्याला काडलं. आन् फोटू?” कुशाबाई टेबलापाशी आली. “बिबट्याला इचारून फोटू काडत न्हाईत, ठीक. आमी काय जनावरं हाय? आमच्या अंगाचा, आमच्या येळेचा फोटू, आन् आमालाच पत्ता न्हाई! कुनी दिला तुमाला ह्यो हक्क?”

यास्मिननं मान खाली घातली. “चूक झाली, मावशी. माणसांचे फोटो ठेवायलाच नको होते.”

“चूक झाली म्हनं!” सुनीलनं हात उगारला. कुशाबाईनं टेबलावरचा काचेचा ग्लास अलगद बाजूला सरकवला, आणि मूठ रिकाम्या टेबलावर आदळली. “माज्या आईचा फोटू उद्या गावात फिरला तर हे हापिस जाळीन मी.”

“भाऊ, बसा. खासगी माहितीच्या नव्या कायद्यानं मावशींना हक्क आहे. आपला फोटो पुसून टाका असा अर्ज त्यांनी द्यायचा, मी आत्ता, त्यांच्यासमोर पुसते. फक्त ज्याचा फोटो त्यालाच दाखवता येतो. तुम्हाला नाही.”

“मला बगायचा बी न्हाई. आईचा तसला फोटू कोन बगंल?” तो वळला आणि दाराकडं जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

यास्मिननं अर्ज लिहिला, वाचून दाखवला. “घरातल्या आणखी कुणाचा फोटो असेल का?”

“घरात हाय कोन?” सुनील तिकडूनच बोलला. “मी आन् आई. बायको तीन आठवडं झालं पळून गेली. म्हाळुंग्याला तिच्या म्हायेरी दोनदा जाऊन आलो, त्यांनाबी ठावं न्हाई म्हनत्यात. जाईल कुटं? घावंल.”

कुशाबाईनं अर्ज पुढं ओढला. सून गेली त्या दिवशी तिनं चार माणसांत सुनेच्या नावानं बोटं मोडली होती, गावानं ते पाहिलं होतं. आता तिनं अर्जावर आपलं नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण पेन कागदात रुतेल इतकं दाबून.

यास्मिननं कार्ड लावलं आणि लॅपटॉपवर फोटो सरकू लागले. साळिंदर. कुत्री. रिकामा ओढा. पुन्हा रिकामा ओढा. मग यास्मिनचं बोट थांबलं.

ती बराच वेळ पडद्याकडं पाहत राहिली. मग तिनं कुशाबाईकडं पाहिलं, आणि दारातल्या सुनीलच्या पाठीकडं.

“हाच का, मावशी?” तिनं हळूच विचारलं. “तारीख...”

“तारीख कशाला वाचती?” कुशाबाई एकदम कडाडली. “पूस!”

“एकदा पुसला की परत मिळणार नाही. दुसरीकडं कॉपी नाही.”

“मंग पूस की!”

यास्मिन अजून थांबलीच होती. तिनं कुशाबाईच्या मनगटावर हात ठेवला.

“ओ मॅडम!” सुनील दारातून ओरडला. “आई सांगती ना? का मी यिऊ तितं? पुसा, म्हनतोय ना!”

“पुसते, भाऊ,” यास्मिन म्हणाली, आणि बटण दाबलं.

पहाटेच्या त्या काळ्यापांढऱ्या फोटोत कुशाबाई डोक्यावर कपड्यांचं बोचकं घेऊन पुढं चालली होती, आणि तिचा हात घट्ट धरून, एक डोळा सुजून मिटलेली तिची सून तेजस्विनी ओढा ओलांडत होती.