शेवटचं सलाईन

चौऱ्याऐंशी सालच्या गॅस्ट्रोच्या साथीचा चौथा दिवस होता. आचऱ्याजवळच्या दवाखान्यात सलाईनची एकच बाटली उरली होती. डॉक्टर आणखी आणायला मालवणला गेले होते. जागरणांनी नर्स भागीरथीबाईंचे डोळे चुरचुरत होते. समोर दोन रुग्ण होते: शाळेतले परबगुरुजी आणि जन्मापासून पांगळी द्वारकी. "गुरुजींका लावा, बाई. त्यांच्यार घर चलता," द्वारकीला पाठुंगळी घेऊन आलेला भाऊच पुटपुटला. बाईंनी दोघांची नाडी पाहिली. गुरुजींच्या पोटात पाणी टिकत होतं. द्वारकीची नाडी हाताला लागत नव्हती. सुई द्वारकीच्या शिरेत घालून त्या गुरुजींना मीठसाखरेचं पाणी घोटघोट पाजत बसल्या. संध्याकाळी बाटल्या आल्या, दोघंही वाचली. शुद्धीवर येताच द्वारकीनं हातातली नळी पाहिली आणि घाबरून विचारलं, "बाई, माका चुकान लावलात?" "नाय गो, तुकाच जास्त गरज होती," म्हणत बाई भिंतीला टेकल्या.