नजर रस्त्यावर

मृणालने सहल आखायला जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि वडिलांना हाक मारली. एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या दत्तारामांना आंबोली घाट विचारायचा नाही, तर कोणाला?

कुठल्या वळणावर धुकं दाटतं, कुठे दरड येते, भजी कुठली खावी, ते नकाशावर बोट ठेवून खुशीत सांगू लागले.

"आणि बाबा, धबधब्यापर्यंत जंगलातली पायवाट कुठून जाते?"

बोट थांबलं. "ते नाय ठाऊक, बाय. कधी उतरलोच नाय. पाठीमागे पॅसेंजर 'बघ, बघ' करून ओरडायचे, पण पन्नास जीव घेऊन घाट चढताना माझी नजर रस्त्यावर. धबधबा मी नुसता ऐकलाय."

या सहलीतही गाडी त्यांनीच चालवायची, असं मृणालने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"या वेळी मी चालवते," ती म्हणाली. "तुम्ही खिडकीशी बसा."

"घाटात? तू?" दत्तारामांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग मान डोलावली. "चढाला दुसरा गिअर सोडू नको," एवढंच म्हणाले आणि शर्ट चढवून दाराकडे निघाले.

"आता कुठे?"

"बूट आणतो. जंगलातल्या वाटेवर चपला काय कामाच्या?"