भीमसिंगच्या नावावर

“भीमसिंग खेमसिंग राठोड,” कुंदानं हजेरीतलं नाव वाचलं.

“हजर,” एक मुलगी उभी राहून म्हणाली.

वर्गात कोणी हसलं नाही. कुंदाला तेच खटकलं. चौथीतली मुलं असल्या गोष्टीवर हसून हसून लोळतात. इथं सगळे मान खाली घालून बसले होते, पढवून ठेवल्यासारखे. सलील गुरुजी दाराशी उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

कुंदा शिक्षण विस्तार अधिकारी होती. आर्णीच्या पुढच्या या तांड्यावर ती न कळवता आली होती. मागास शाळा सुधारण्याची योजना जिल्ह्यानं आदल्या वर्षी काढली होती. प्रत्येक शाळेला श्रेणी मिळायची. पटावरच्या एकूण एक मुलानं परीक्षा द्यायची आणि शाळाबाह्य मूल एकही नको. सलग दोनदा ‘ड’ आली की शाळा बंद, मुलं सहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत. ही शाळा एका वर्षात ‘ड’वरून ‘ब’वर आली होती. कुंदाचा असल्या उड्यांवर विश्वास नव्हता. आतापर्यंत तिनं अशा दोन शाळांची लबाडी पकडली होती. तिसरी आता समोर होती.

“नाव काय तुझं? खरं नाव.”

मुलीनं गुरुजींकडे पाहिलं. “ललिता. भीमसिंग मोठा भाऊ हाये महा.”

म्हणजे परीक्षेला बाहेरची मुलगी बसवली. कुंदानं पर्समधून योजनेचं परिपत्रक काढून तिच्या हातात दिलं. पुस्तक तर पाठही करून घेतलं असेल. “वाच.”

ललितानं वाचलं. ‘गुणवत्ता’ला अडखळली, ‘अंमलबजावणी’ मात्र एका दमात म्हणाली. मधेच थांबून तिनं विचारलं, “शाळाबाह्य म्हंजे काय, मॅडम?”

कुंदानं कागद परत घेतला आणि गुरुजींना बाहेर बोलावलं.

“पोळ्यानंतर भीमसिंग यायचा बंद झाला,” सलील गुरुजी म्हणाले. “शाळेचा कंटाळा आला म्हणाला. मी तीनदा घरी गेलो, ऐकेना. मग ही येऊन बसायला लागली. त्याचं नाव काढलं तर शाळाबाह्य एक. ठेवलं तर परीक्षेला कोण बसवायचं? श्रेणी गेली असती, मॅडम. श्रेणीबरोबर शाळाही.”

“म्हणून तुम्ही खोटी हजेरी लावलीत. मी हे लिहिणार आहे.”

“लिहा,” गुरुजी म्हणाले. “पण तिचं नाव पटावर घ्या.”

कुंदाला तोही कांगावाच वाटला. पालकांचा जबाब घ्यायला ती शेताकडे निघाली. गुरुजींना तिनं सोबत येऊ दिलं नाही. उगाच खाणाखुणा नकोत.

ललिताची आई सुखीबाई ओटीत कापूस वेचत होती. पलीकडच्या ओळीत दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा वाकून तेच करत होता. कुंदाच्या हातातले कागद पाहून सुखीबाई ताठ झाली.

“यंदा कोनता सर्वे हाये, बाई? दोन होऊन गेले. आमाले काही नाई भेटलं.”

“सर्वे नाही. मुलाला शाळेतून का काढलंत?”

“म्या कायले काढू?” सुखीबाई तडकली. “कापसाले भाव नाई, मजूर लावनं झेपत नाई. हाताखाली एक पोट्टं लागतेच. मी ललीलेच आननार होती. पोरगा शिकू दे म्हटलं. त हाच आडवा पडला. शाळेचं नाव घेतलं का पोट दुखे याचं. बापानं मारलं, तरी गेला नाई. मंग म्हटलं ये बाबा वावरात. लली रिकामी झाली, त थे जाऊन बसते.”

गुरुजी आणि ही बाई एकच गोष्ट सांगत होते. कुंदाला वाटलं, ठरवून सांगतायत. तिनं हलकेच विचारलं, “आज सकाळी किती वाजता आलात वेचायला?”

“दहा-साडेदहाले. दहिवर सुकल्याबिगर कसं वेचाव? वला कापूस कोनी घेत नाई.”

“आणि तोवर?”

“तोवर काय, घरीच.”

कुंदा थांबली. तांड्यावरची शाळा अकराला भरत होती. वेचणी सुरू व्हायची त्याच सुमाराला. जिल्ह्यातली सगळी पोरं याच वेळेला कापसात असणार, आणि योजनेच्या बावीस पानांत शाळेच्या वेळेबद्दल एक ओळ नव्हती. ती बावीस पानं तयार करायला तीही बसली होती.

“उद्यापासून इथली शाळा सातला भरेल,” ती म्हणाली. “साडेदहाला सुटेल. दोघांनाही पाठवा. मुलीचं नाव मी आजच घालते.”

सुखीबाईनं तिच्याकडे संशयानं पाहिलं. “सही कुठी कराची?”

“कुठेच नाही.”

सुखीबाई ओटी रिकामी करायला बांधाकडे गेली. अहवालात एक रकाना उरला होता, शाळा सोडण्याचं कारण. कुंदानं भीमसिंगला जवळ बोलावलं. त्याची बोटं बोंडांनी ओरखडली होती.

“कंटाळा असं लिहू ना?”

तो पायानं ढेकूळ फोडत राहिला.

“उद्या आलास तरी परत पळणार असशील, तर आत्ताच सांग.”

भीमसिंगनं आधी आईकडे पाहिलं. ती लांब होती. मग तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “कंटाळा नोता आला, मॅडम. तसं म्हटलं नसतं, त मायनं ललीले शाळेत जाऊ देल्लं असतं का?”