उभा पक्षी

मोठमोठी जहाजं बंदरात सुखरूप आणण्यात हयात घालवलेले सासरे सुनेच्या छंदाला भातुकली म्हणायचे. तिने बूच आणि प्लास्टर वापरून टेबलभर समुद्रकिनारा उभारला होता. त्यावर ती आणि तिची मैत्रीण शिडांच्या बोटभर उंच युद्धनौका लढवायच्या. आज मैत्रीण आली नाही, म्हणून सासरेच खेळायला बसले. बघता बघता तिच्या दोन नौका बुडवून त्यांनी तिसरीच्या मागे आपलं मोठं जहाज ऐटीत सरकवलं. “बाबा, रुतलं तुमचं जहाज.” “कशात? नुसतं पाणी आहे इथे!” तिने जहाजापुढच्या तांदळाएवढ्या पांढऱ्या पक्ष्यावर बोट ठेवलं. “हा तरंगत नाहीये, उभा आहे. पक्षी उभा दिसला की खाली वाळू समजायची, तुम्हीच रोज जेवताना सांगता.” सासऱ्यांनी वाकून पक्षी नीट पाहिला. मग टेबलावर थाप मारून स्वयंपाकघराकडे ओरडले, “अगं, मी हरलो! या घरात माझं बोलणं कुणीतरी ऐकतं!”