देव्हाऱ्यातली अंगठी

थांबा राव, आमच्या उधन्यातली ताजी गंमत ऐका. चिंधा खडे बसवणारा कारागीर. जुन्यापुराण्या अंगठ्या जमवणाऱ्या गुजराती शेठने त्याला एक अंगठी खडा पक्का करायला दिली. लाल खड्यावर घोडेस्वार कोरलेला, हातात भाला. चिंधाची बायको प्रमिला बघताच म्हणाली, “अगंबाई, आपला खंडेराव!” भंडारा लावून देव्हाऱ्यात बसवला, नैवेद्यही दाखवला. आज शेठ न्यायला आला. “चिंधाभाई, हा ग्रीक गोष्टीतला वीर छे, घोड्याला पंख जुओ!” चिंधाने भिंग लावलं. पंख होते खरे. प्रमिला म्हणाली, “देवाला उडायला बंदी आहे का?” चिंधाचं डोकंच चालेना: अंगठी शेठची, पण बसवलेला देव उठवायचा कसा? “तुम्हीच उचला,” तो म्हणाला. शेठने चपला काढल्या, हात पुढे केले, मग जोडलेच. दोघेही अजून उभेच. तुम्ही तिऱ्हाईत, चला, तेवढी अंगठी उचलून द्या.