वाळूवरची पावलं

निरवांगीच्या तात्याबानं मेंढरं विकून बारा वर्षं झाली होती, पण कळपाची हाक त्याच्या गळ्यातून काही गेली नव्हती. अंदमानच्या सहलीत एका बेटावर त्याचा लेक दादासो, सून सुकन्या आणि नात छकुली भर उन्हात कमरेएवढ्या पाण्यात खेळत होती. किनाऱ्यावर दुसरं माणूस नव्हतं. जेवणाची वेळ झाली, तसं तात्याबानं तोंडाशी हात धरून मेंढरांना घालायचा तशी लांब हाक घातली, "हुर्रर्र, या रं माघारी!"

तिघंही हसत वर आली.

"आबा, आमी काय मेंढरं हाय व्हय?" छकुली म्हणाली.

कळप आला की तात्याबा आधी जमिनीवरची पावलं बघायचा. आताही त्यानं बघितली. ओल्या वाळूत तिघांच्या तीन ओळी होत्या. त्यांच्या शेजारी चौथी ओळ अजून उमटत होती. एकेक अनवाणी पाऊल पाण्यातून वर येत होतं, आणि त्या पावलांवर कुणीच नव्हतं.

मग पाचवी ओळ निघाली. मग साऱ्या किनाऱ्याची वाळू दबू लागली.

"थांबा रं," तात्याबा पुटपुटला. पावलं थांबली नाहीत.

"आबा," छकुली हळूच म्हणाली, "माझा हात कुणी धरलाय?"

तात्याबानं तोंड उघडलं. पण त्याची हाक नुसती बोलवायची होती. हाकलायला काठी लागायची, आणि काठी निरवांगीत दाराआड उभी होती.