जिवावर उठलेल्यांचे लाड

“अगं, सॉरी. तुझ्या ताईच्या पेशी मेल्या,” सहकारी म्हणाला आणि त्याने ब्लीचची बाटली उचलली.

“हात लावू नकोस!” धाकटी ओरडलीच.

त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. या प्रयोगशाळेत पेशी मेल्या की सगळ्यांची तोंडं उतरतात. बुरशी शिरली असं धरायचं, ताटलीत ब्लीच ओतायचं आणि पुन्हा श्रीगणेशा. पण या पेशी साध्या नव्हत्या. ताईला अंडाशयाचा कॅन्सर. तिच्या पोटातून काढलेल्या पाण्यातल्या कॅन्सरच्या पेशी धाकटीने पोटच्या पोरासारख्या वाढवल्या होत्या. ऊब दिली, वेळच्या वेळी खाऊ घातलं. “माझ्या जिवावर उठलेल्यांचे लाड करतेस होय गं?” ताई हसायची. धाकटीला काही हसू यायचं नाही.

गोम अशी होती. पेशीतलं एक एन्झाइम सारखा निरोप धाडत होतं, वाढ, वाढ. ताईच्या औषधाने त्याचं तोंड बंद केलं, तर दुसऱ्या एन्झाइमने तोच निरोप धाडायला सुरुवात केली. झालं, औषध निकामी! दोघांची तोंडं एकदम बंद करायची, हा धाकटीचा हट्ट. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “नुसत्या अंदाजावर दुसरं औषध देणार नाही. काहीतरी दाखवा, मग ताईंना दोन्ही औषधांच्या चाचणीत घेतो.”

धाकटीने ताटली मायक्रोस्कोपखाली सरकवली. तिच्यात छोटे छोटे खळगे होते; काहींत औषध नाही, काहींत एक, एकात दोन्ही. बुरशी? छे, नावालाही नाही. बिनऔषधाच्या खळग्यात ताईच्या पेशी मजेत. एकाच औषधाच्या खळग्यातही मजेत. दोन्ही औषधं होती, सहकाऱ्याने पाहिला होता, त्या खळग्यात मात्र एकही जिवंत नव्हती. शेजारी ठेवलेल्या निरोगी पेशी त्याच औषधांत धडधाकट होत्या.

“योगायोग असेल,” सहकारी हळूच म्हणाला.

“असेल. म्हणून तर पुन्हा करायचं. आणि या वेळी तू कर, मी हात लावणार नाही.”

त्याने सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. मग कुठे तिने फोन उचलला.

“ताई, मेल्या गं! सगळ्या मेल्या!” तिला रडू आवरेना.

ताई पलीकडून हसलीच.

“मग रडतेस काय, वेडे? डॉक्टरांना फोन लाव. आता माझ्या पोटातल्यांची पाळी.”